ऑप्शनमध्ये स्क्रीनवर प्रॉफिट, लेजरला पैसे कमी: पी अँड एल जुळत नसेल तर काय काय तपासायचं

एक्स्पायरी, म्हणजे ऑप्शनची मुदत संपायचा दिवस, झाली की एक तरी फोन ठरलेला. कधी आपल्या बेळगावच्या शहापूरहून, कधी खानापूरहून, आणि बोलणं तेच, "सॉफ्टवेअरला काय झालंय काय की, पोझिशनला हिरवं दाखवूलालंय आणि लेजर बघितलं तर पैसे कमी." मी लोकांचे हिशेब लिहितो, टिप बिप देत नाही, निफ्टी वर जाणार की खाली ते मला विचारू नका. पण हा आकडे न जुळण्याचा प्रकार इतक्या लोकांचा बघितलाय की आता एकदा सविस्तर लिहूनच टाकतो, म्हणजे प्रत्येकाला फोनवर पाढे म्हणायला नकोत.

पहिली गोष्ट, सॉफ्टवेअरमध्ये पी अँड एल, म्हणजे नफा-तोटा, म्हणून एकच आकडा नसतोय. पोझिशनच्या, म्हणजे चालू सौद्यांच्या, पानावर एकूण पी अँड एल असतो, त्याच्याच बाजूला किंवा दुसऱ्या टॅबला आजचा पी अँड एल असतो, फंडच्या पानावर लेजर बॅलन्स असतो आणि रिपोर्टमध्ये टॅक्सचा पी अँड एल असतो. चारी आकडे बरोबर असू शकतात आणि तरी चारी वेगळे असू शकतात, कारण एक सांगतोय घेतल्यापासून किती, दुसरा सांगतोय कालच्या क्लोजपासून, म्हणजे बंद भावापासून, किती, तिसरा सांगतोय खात्यात रक्कम किती आणि चौथा सांगतोय इन्कम टॅक्सला काय दाखवायचं. आपल्या पेठेतल्या जुन्या दुकानदारांना हे पटकन कळतंय, कारण कीर्दीतली आजची बेरीज आणि खतावणीतली बाकी एकच असावी असा हट्ट ते धरत नाहीत.

आता मुद्द्याची युक्ती. आकडे जुळत नसतील तर आकड्यांकडे बघत बसू नका, फरक काढा. एकातून दुसरा वजा करा आणि जे येईल त्याला आपल्या क्वांटिटीने भागा. ऑप्शनचा भाव पाच पैशाच्या टप्प्याने हलतोय, त्यामुळं भागून नीट पॉइंट आले, म्हणजे १५ किंवा ६.०५ असं काही, तर भानगड भावाची आहे, कुठला तरी वेगळा भाव धरलाय. भागून ०.८४५६ असलं वेडंवाकडं काही आलं तर भानगड बहुतेक चार्जेसची किंवा लेजरमधल्या दुसऱ्या नोंदीची. पाच-सहा वेळा वेगवेगळ्या भावाने अ‍ॅव्हरेज केलेली पोझिशन असली तर अ‍ॅव्हरेजच असा तुटक येतोय आणि ही युक्ती तेवढी चालत नाही, पण एक-दोन लॉटवाल्यांना (लॉट म्हणजे ऑप्शनचा ठरलेला गठ्ठा) पुरेशी आहे, आणि आपल्याकडं जास्त लोक एक-दोन लॉटवालेच.

उदाहरणं सगळी २०२५ ची घेतो, तेव्हा निफ्टीचा लॉट ७५ चा होता.

रातोरात अ‍ॅव्हरेज बदलला

निपाणीचा एक मित्र आहे, तंबाखूच्या वखारीत हिशेब बघतो, म्हणजे आकड्यांना घाबरणारा माणूस नव्हे. त्याने शुक्रवारी निफ्टीचा एक पुट, म्हणजे ठरलेल्या भावाला विकायच्या हक्काचा ऑप्शन, ८० ला सेल केला, एक लॉट. शुक्रवारी तो पुट ९५ ला क्लोज झाला. सोमवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास भाव ८८. स्क्रीनवर हिरव्यात ५२५ रुपये. "चला, आलेत तर घेऊया" म्हणून त्याने ८८ ला बाय करून स्क्वेअर ऑफ केला, म्हणजे सौदा मिटवला, आणि चहाला गेला. संध्याकाळी लेजर बघतोय तर ५२५ वाढायचे राहिले बाजूला, सहाशे आणि वर थोडे कमी झालेले. मला फोन, "भावा, अकराशे रुपये गेले कुठं?"

चार्जेस बाजूला ठेवून फरक काढा. त्याला वाटतंय अधिक ५२५, लेजर सांगतंय उणे ६००. फरक ११२५. भागिले ७५, बरोबर १५. आता १५ पॉइंट कुठं आहेत ते शोधा, ८० आणि ९५ च्या मध्ये. म्हणजे सॉफ्टवेअरने सोमवारी हिशेब ९५ पासून सुरू केला, शुक्रवारच्या क्लोजपासून. ९५ चा ८८ झाला, सात पॉइंट, ५२५ रुपये, हा सोमवारचा एकट्याचा आकडा म्हणून अगदी खरा. पण विकला होता ८० ला आणि घेतला ८८ ला, आठ पॉइंटचा तोटा, सहाशे. शुक्रवारचा तोटा त्याने शुक्रवारी बघितला आणि सोमवारी विसरला, सॉफ्टवेअर पण विसरलं.

काही सॉफ्टवेअर ह्याला डे पी अँड एल असं वेगळं नाव देतात, ते ठीक आहे. काहींमध्ये मात्र कॅरी फॉरवर्ड, म्हणजे रात्रीला नेलेल्या, पोझिशनचा अ‍ॅव्हरेजच सकाळी बदलून कालचा क्लोज दिसायला लागतो, आणि तिथं माणूस फसतोय, कारण अ‍ॅव्हरेज म्हटल्यावर आपण आपलाच खरेदीचा किंवा विक्रीचा भाव धरून बसतो. सेटिंगमध्ये जाऊन बघा, पोझिशनच्या पानावर 'डे' आणि 'नेट' असे दोन टॅब असतील तर नेट लावून ठेवा. कुठं कुठं 'मागील क्लोजप्रमाणे' की 'मूळ भावाप्रमाणे' असा पर्याय पण असतो. आणि कसलीच सोय नसेल तर साधा उपाय, रात्रीला न्यायच्या पोझिशनचा भाव वहीत लिहायचा. हसू नका, वही अपडेट मागत नाही.

अर्धा माल विकल्यावर प्रॉफिट की लॉस

ह्याच्यावर तर वाद होतात. समजा तुम्ही एक कॉल, म्हणजे ठरलेल्या भावाला घ्यायच्या हक्काचा ऑप्शन, १२० ला घेतला, ७५. भाव पडला, १०० ला अजून ७५ घेतले. अ‍ॅव्हरेज ११०. मग भाव ११५ ला आल्यावर एक लॉट विकला. प्रॉफिट झाला की लॉस?

पोझिशनचं पान बहुतेक वेळा अ‍ॅव्हरेज धरतं, ११५ वजा ११०, पाच पॉइंट, ३७५ रुपये प्रॉफिट. टॅक्सचा रिपोर्ट मात्र आधी घेतलेला आधी विकला असं धरतो, म्हणजे १२० वाला लॉट ११५ ला गेला, ३७५ रुपये लॉस. एकाच ट्रेडला एक पान हिरवं आणि एक पान लाल! फरक ७५०, भागिले ७५, दहा पॉइंट, १२० आणि ११० मधला. झालं, सापडलं.

इथं घाबरायचं कारण नाही, कारण उरलेल्या लॉटकडे बघा. भाव आता ११२ आहे असं धरा. अ‍ॅव्हरेजच्या पद्धतीने उरलेल्या लॉटवर २ पॉइंट, १५० रुपये, आणि आधीचे ३७५, एकूण ५२५. दुसऱ्या पद्धतीने उरलेला लॉट १०० चा, १२ पॉइंट, ९०० रुपये, त्यातून आधीचे ३७५ गेले, एकूण ५२५. दोन्हीकडे बेरीज तीच, फक्त बुक झालेला किती आणि बाकी किती ह्याची वाटणी वेगळी. सगळा माल विकून झाला की दोन्ही पद्धती एका ठिकाणी येऊन थांबतात.

ही वाटणी फक्त एकदा खरंच महत्त्वाची ठरते, ३१ मार्चला पोझिशन उघडी असली तर. कुठला भाग ह्या वर्षात बुक झाला आणि कुठला पुढच्या वर्षात गेला हे तेव्हा बदलतंय. एफ अँड ओचं, म्हणजे फ्युचर आणि ऑप्शनचं, उत्पन्न धंद्याचं उत्पन्न धरलं जातंय, शेअर विकल्यावर लागतोय तो कॅपिटल गेनचा प्रकार हा नव्हे, त्यामुळं सीएकडे टॅक्स पी अँड एलचा रिपोर्ट द्या, पोझिशनच्या पानाचा मोबाईलवर काढलेला फोटो देऊ नका. देतात ओ लोक, खरंच देतात.

साडेतीनला बाजार बंद, तरी आकडा हलतोय

३:३० ला स्क्रीनवर २१०० प्रॉफिट, चारच्या आसपास बघितलं तर १६५०. ट्रेडिंग बंद, कोणी घेत नाही कोणी विकत नाही, मग ४५० रुपये कुणी खाल्ले? भागा ७५ ने, सहा पॉइंट. बाजार चालू असताना स्क्रीन शेवटचा झालेला सौदा धरते, एलटीपी. बाजार बंद झाल्यावर एक्सचेंज क्लोजिंग भाव जाहीर करतं आणि तो शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची वेटेड सरासरी असतोय. शेवटच्या पाच मिनिटात भाव उडाला असला तर सरासरी त्याच्या मागेच राहणार. तुमचं काही गेलं नाही, पोझिशन उघडीच आहे.

ह्याचाच भाऊ म्हणजे शिळा एलटीपी. निफ्टीच्या जवळच्या स्ट्राइकला (स्ट्राइक म्हणजे ऑप्शनमधला ठरलेला भाव) हा त्रास नाही, पण कुणी लांबचा इन द मनी कॉल, म्हणजे स्ट्राइक बाजारभावाच्या बराच खाली असलेला, घेऊन बसला असेल किंवा कुठल्या तरी शेअरचा ऑप्शन असेल जिथं दिवसाला दहा सौदे होतात, तिथं स्क्रीनवरचा ६४० हा सव्वा अकराला झालेल्या सौद्याचा भाव असतोय आणि आता दुपारी दोनला घेणारा ५८८ देतोय आणि विकणारा ६०२ मागतोय. स्क्रीन ६४० ने गुणाकार करून प्रॉफिट दाखवते. विकायला गेलात तर ५८८ मिळणार, ५२ पॉइंट कमी, एका लॉटला ३९०० रुपये हवेतले. म्हणून असल्या पोझिशनमध्ये पी अँड एलचा कॉलम बघूच नका, मार्केट डेप्थ उघडा आणि आपण लाँग, म्हणजे घेऊन बसलेलो, असलो तर बिड (घेणाऱ्याचा भाव), शॉर्ट, म्हणजे विकून बसलेलो, असलो तर आस्क (विकणाऱ्याचा भाव) धरून मनातल्या मनात हिशेब करा.

आणि इंटरनेट. जून-जुलैत बेळगावच्या पावसात लाइट गेली, वायफाय गेलं, मोबाईल डेटावर आलो की अ‍ॅप जोडल्यासारखं दिसतंय पण भाव थिजलेले असतात, खानापूरच्या पुढं जंगलाकडं गेलं की तर विचारूच नका. ओळखायची खूण म्हणजे वर निफ्टीचा स्पॉट, म्हणजे निफ्टीचा चालू आकडा, हलतोय का बघा. दहा-पंधरा सेकंद निफ्टीच हलत नसेल तर तुमचा पी अँड एल पण जुना आहे, अ‍ॅप पूर्ण बंद करून उघडा. नुसतं खाली ओढून रिफ्रेश केलं तर कधी कधी पोझिशन नव्या येतात आणि भाव जुनेच राहतात.

एकच स्ट्राइक दोन ओळीत दिसतोय

हा प्रकार सगळ्यात वाईट, कारण इथं नुसता आकडा चुकत नाही, पैसे खरोखर जातात. सकाळी एक पुट १०० ला घेतला, ऑर्डर लावताना प्रॉडक्ट, म्हणजे सौद्याचा प्रकार, ठेवला कॅरी फॉरवर्ड. दुपारी भाव १४०. विकायला गेलात आणि पोझिशनवरच्या एक्झिटच्या बटणाने न विकता सर्च करून नवी सेल ऑर्डर टाकली, तिथं प्रॉडक्ट आधीपासून इंट्राडे, म्हणजे त्याच दिवशी मिटवायचा, निवडलेला होता. सेल झाला १४० ला. तुमच्या मते काम झालं, ४० पॉइंट, तीन हजार रुपये. स्क्रीनवर बेरीज पण तीन हजारच दिसते, कारण एका ओळीत अधिक आणि एका ओळीत उणे, भाव कसाही हलला तरी एकूण तेवढंच राहतंय. म्हणून शंका पण येत नाही.

पण ब्रोकरच्या सिस्टीमला त्या दोन वेगळ्या पोझिशन आहेत, एक कॅरी फॉरवर्ड लाँग आणि एक इंट्राडे शॉर्ट. एक्सचेंजला ह्या प्रॉडक्टशी काही देणंघेणं नाही, तिकडं तुमचं खरेदी-विक्री जुळून शून्य झालेलं असतंय, ही भिंत ब्रोकरच्या घरातली आहे. मग बाजार बंद व्हायच्या आधी ब्रोकरची सिस्टीम इंट्राडे शॉर्ट आपोआप कापते, म्हणजे तुमच्या नावावर १२४ ला बाय करते. शॉर्टवर १६ पॉइंट मिळाले. पण १०० ला घेतलेला लाँग आता उघडा पडला, रात्रभर, आणि तुम्ही निवांत जेवून झोपलाय. सकाळी तो पुट ७० ला उघडला. १६ अधिक, ३० उणे, १४ पॉइंट लॉस, १०५० रुपये. तीन हजार प्रॉफिटच्या जागी हजार लॉस, फरक ४०५०, भागा ७५ ने, ५४ पॉइंट, म्हणजे १२४ ला झालेली ती न मागितलेली खरेदी आणि सकाळचा ७०. त्याशिवाय ऑटो स्क्वेअर ऑफचा दंड, बऱ्याच ठिकाणी ५० रुपये आणि वर जीएसटी, तो पण लागतोय.

उपाय सोपा. स्क्वेअर ऑफ करायचं तर पोझिशनच्या ओळीवर जाऊन एक्झिट दाबायचं, नवी ऑर्डर टाकायची नाही. आणि तीन वाजता एकदा पोझिशनचं पान उघडून क्वांटिटीचा कॉलम बघायचा, पी अँड एलचा नव्हे. बंद झालेल्या पोझिशनची क्वांटिटी शून्य दिसली पाहिजे. एकाच स्ट्राइकच्या दोन ओळी, एक अधिक ७५ आणि एक उणे ७५, दिसल्या तर लगेच ब्रोकरच्या अ‍ॅपमध्ये पोझिशन कन्व्हर्टचा पर्याय असतोय तो वापरा, इंट्राडेची कॅरी फॉरवर्ड करा, दोन्ही ओळी एक होऊन शून्य होतात.

भागून तुटक आकडा आला तर

आता चार्जेस. पोझिशनच्या पानावरचा पी अँड एल जवळजवळ सगळीकडं चार्जेस न धरता असतोय. एक साधा ट्रेड घ्या, ११० ला घेतला, ११४ ला विकला, एक लॉट, दिसतोय प्रॉफिट ३००. ऑर्डरला २० रुपये ब्रोकरेज धरलं तर दोन ऑर्डरचे ४०. एसटीटी, म्हणजे सौद्यावरचा सरकारी कर, विक्रीच्या प्रीमियमवर (प्रीमियम म्हणजे ऑप्शनची किंमत), १ ऑक्टोबर २०२४ पासून तो ०.०६२५ वरून ०.१ टक्के झाला होता, त्या रेटने ८५५० वर ९ रुपये. एक्सचेंजचा ट्रान्झॅक्शन चार्ज लाखाला साधारण ३५ रुपये, खरेदी-विक्री दोन्हीवर, पावणेसहाच्या वर. सेबीची, म्हणजे बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेची, फी कोटीला दहा रुपये, म्हणजे दोन पैसे, सोडा. स्टॅम्प ड्युटी खरेदीवर ०.००३ टक्के, पंचवीस पैसे. मग ब्रोकरेज आणि ट्रान्झॅक्शन चार्जवर १८ टक्के जीएसटी, सव्वाआठ. एकूण जवळजवळ ६३ रुपये. तीनशेचे झाले २३७. एका लॉटच्या ट्रेडला ७५ पैकी प्रत्येकामागे ८५ पैसे नुसते टेबलावर ठेवून सुरुवात करायची. दिवसाला दोन-दोन पॉइंटसाठी आत बाहेर करणाऱ्याचं स्क्रीनवर हिरवं आणि लेजरला लाल का होतंय त्याचं उत्तर बहुतेक वेळा इथंच आहे. हे रेट बजेटमध्ये बदलत राहतात, म्हणून पाठ करू नका, त्या दिवसाची कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे ब्रोकरने पाठवलेलं सौद्यांचं बिल, उघडा, शेवटी सगळे वेगवेगळे लिहिलेले असतात.

एक शंका आपल्याकडं हमखास येते, म्हणून सांगतो. शहापुरातले एक काका, साडीचं दुकान आहे, त्यांचे पाहुणे चंदगडला. दोघांचा ब्रोकर एक. काका म्हणाले, "कर्नाटकात आपल्याला स्टॅम्प जास्त लावतात की रे." नाही हो काका. १ जुलै २०२० पासून शेअर बाजाराच्या सौद्यावरची स्टॅम्प ड्युटी देशभर एकाच दराने आहे, फक्त ती खरेदी करणाऱ्याच्या पत्त्याच्या राज्याला जाते, तुमची बेंगळुरूला, पाहुण्यांची मुंबईला. जीएसटीच्या रकान्यात एकाला आयजीएसटी आणि एकाला सीजीएसटी-एसजीएसटी असं दिसू शकतं, ब्रोकर कुठल्या राज्यातून बिल करतोय त्यावर ते आहे, एकूण १८ टक्केच. ह्या एका बाबतीत तरी सीमावाद नाही.

लेजर वेगळंच काहीतरी सांगतंय

ऑप्शन घेतला की प्रीमियमची पूर्ण रक्कम लेजरला नावे पडते, आणि पोझिशन उघडी असेपर्यंत तो ऑप्शन कितीही वर गेला तरी लेजरला त्यातलं काही जमा होत नाही. विकला की पूर्ण प्रीमियम जमा. म्हणून नव्या माणसाला, पुट सेल करून सहा हजार जमा दिसले की प्रॉफिट झाला असं वाटतं आणि कॉल घेतल्यावर आठ हजार गेले की लॉस झाला असं वाटतं, दोन्ही खरं नाही. लेजरवरून पी अँड एल काढायचा असेल तर सगळ्या पोझिशन शून्य असलेल्या दोन तारखा निवडा, त्या दोन तारखांच्या बाकीतला फरक घ्या, आणि मध्ये बँकेतून भरलेले आणि काढलेले पैसे त्यातून वेगळे करा.

त्यातच तिमाहीचं सेटलमेंट लोकांना घाबरवून सोडतंय. सेबीच्या नियमाप्रमाणे ब्रोकरला तुमचे पडून असलेले पैसे महिन्याला किंवा तिमाहीला बँकेत परत पाठवावे लागतात. सकाळी उठून बघावं तर फंडमध्ये काहीच नाही. आधी बँकेचा मेसेज बघा, मग आरडाओरडा करा. बाकी डिमॅटचा वार्षिक खर्च, प्लेजचे, म्हणजे शेअर गहाण ठेवण्याचे, चार्ज, आणि शेअर प्लेज करून ऑप्शन सेल करणाऱ्यांना रोख मार्जिन, म्हणजे अनामत, निम्मं नसलं तर लागणारं व्याज, हे सगळं लेजरमध्ये गुपचूप येतंय आणि पी अँड एलच्या कुठल्याच पानावर दिसत नाही.

एक्स्पायरीनंतर एक्सेल बिघडलं

स्वतःची शीट ठेवणाऱ्यांसाठी. ट्रेडबुक डाउनलोड करून शीटमध्ये टाकलं की त्यात फक्त झालेले सौदे येतात. ऑप्शन शून्य होऊन एक्स्पायर झाला तर विक्रीचा सौदाच झालेला नसतोय, त्यामुळं शीट म्हणते पोझिशन अजून उघडी आहे आणि तुमचा लॉस कुठंच मोजला जात नाही. महिन्याभराने शीटमध्ये असले पंधरा-वीस मेलेले ऑप्शन गोळा होतात आणि माणूस खूश, "शीटला तर प्रॉफिट आहे." सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलं की तीन वर्षांत एफ अँड ओमधले ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात गेले. असली शीट ठेवली तर आपण त्या ९३ मध्ये आहोत हे पण कळणार नाही. प्रत्येक एक्स्पायरीला हाताने एक ओळ टाका, शून्य भावाने विक्री. शॉर्ट असला तर शून्य भावाने खरेदी.

इन द मनी संपला तर शून्य नाही टाकायचं, सेटलमेंटचा भाव टाकायचा, आणि तो शेवटचा एलटीपी नव्हे. समजा २४८०० चा कॉल, शेवटचा सौदा ४८ ला, स्पॉट २४८५० ला दिसत होता. पण निफ्टीचं क्लोजिंग शेवटच्या अर्ध्या तासाच्या सरासरीने २४८३६ ला लागलं. मग मिळणार ३६, ४८ नाही. बारा पॉइंट, ९०० रुपये. निफ्टी, बँक निफ्टी हे रोखीत सुटतात. शेअरच्या ऑप्शनचं तसं नाही, ऑक्टोबर २०१९ पासून सगळे शेअर ऑप्शन डिलिव्हरीत सुटतात, इन द मनी कॉल ठेवून बसलात तर स्ट्राइकच्या भावाने शेअर घ्यावे लागतात, आणि मग कित्येक रिपोर्टमध्ये प्रीमियम एफ अँड ओला पूर्ण लॉस म्हणून दिसतोय आणि त्याच्यासमोरचा फायदा होल्डिंगमध्ये शेअरच्या रूपाने बसलेला असतोय. एक्स्पायरीच्या आठवड्यात शेअर ऑप्शन आधीच कापलेले बरे, हे माझं मत.

दुसरी गोष्ट लॉट साइज. शीटमध्ये लॉटची संख्या लिहून त्याला ठरलेल्या आकड्याने गुणलं असेल तर तिथंच बोंब. निफ्टीचा लॉट एप्रिल २०२४ ला ५० वरून २५ झाला, नोव्हेंबर २०२४ नंतरच्या नव्या कॉन्ट्रॅक्टला ७५ आणि २०२६ च्या जानेवारीपासून ६५. दोन वर्षांत चार आकडे. वर्षभराची शीट एकाच आकड्याने गुणली तर अर्धी शीट चुकीची. लॉट लिहूच नका, क्वांटिटी लिहा, ट्रेडबुकमध्ये असते ती. शेअरमध्ये बोनस, स्प्लिट झाला की स्ट्राइक आणि लॉट दोन्ही बदलतात, रिलायन्सचा ऑक्टोबर २०२४ मध्ये एकास एक बोनस आला तेव्हा स्ट्राइक निम्मे आणि लॉट दुप्पट झाले. त्या दिवशी पी अँड एल भलतंच दाखवत असेल तर एक दिवस थांबा.

तरी जुळत नसेल तर

मग चूक ब्रोकरकडची असू शकते, होते कधी कधी. पण "तुमचं अ‍ॅप चुकीचं दाखवतंय, पैसे परत द्या" असलं लिहिलं की तिकडून चार्जेसची लिंक येते आणि तक्रारीचं तिकीट बंद होतं. असं लिहा: कुठली तारीख, कुठला कॉन्ट्रॅक्ट, एक्स्पायरी आणि स्ट्राइकसकट, कॉन्ट्रॅक्ट नोटवरचा ऑर्डर नंबर आणि ट्रेड नंबर, नोटवर भाव काय, स्क्रीनवर अ‍ॅव्हरेज काय, लेजरला त्या तारखेचं बिल किती, आणि फरक किती पॉइंटचा. स्क्रीनशॉट घेताना वर वेळ दिसू दे. कॉन्ट्रॅक्ट नोट सौद्यानंतर २४ तासात मेलवर येते, तिचा पासवर्ड बहुतेक पॅन नंबर असतोय, आणि नोट आणि लेजर ह्यांच्यातच फरक निघाला तर तुमची तक्रार पक्की. नोट आणि लेजर जुळतंय, फक्त स्क्रीन वेगळी, तर ते दाखवण्याचं दुखणं आहे, पैसे मिळणार नाहीत, पण कळवा.

तिकडून उत्तर टाळाटाळीचं आलं तर सेबीच्या स्कोअर्स ह्या तक्रारीच्या पोर्टलवर टाका. १ एप्रिल २०२४ पासूनच्या नव्या स्कोअर्समध्ये ब्रोकरला २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतंय. तिथं पण हीच माहिती लागते, म्हणून पहिलं तिकीट लिहितानाच नीट लिहा आणि त्याची कॉपी ठेवा. मला फोन करणार असाल तर कॉन्ट्रॅक्ट नोट आधी व्हॉट्सअ‍ॅपला पाठवा, मग बोलूया.